चुलीवरची भाकरी आणि बिलातला सेवा आकार

मनमाडबाहेर हमरस्त्यावरच्या एका उंची 'गावरान' हॉटेलात आम्ही सहकुटुंब जेवायला गेलो. दारात बैलगाडी, छताला कंदील, ताटात पिठलं, ठेचा, बाजरीची भाकरी. आमच्या आईने नाइलाजाने जे खाल्ले, ते इथे थाटात विकले जाते. जेवण चविष्ट होते, हे मान्य केलेच पाहिजे. चुलीच्या धुरात दोन बाया भाकरी थापत होत्या.

बिलात सेवा आकार जोडलेला. तो काढा म्हणताच व्यवस्थापकाने विचारले, "आडनाव काय आपलं?" आडनावाचा आणि बिलाचा संबंध काय?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच या सक्तीला मनाई केली. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. संविधानाचे कलम १५(२) तर जातीच्या नावावर उपाहारगृहाचे दार बंद करू देत नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा तिथली भांडी वापरण्याचा हक्कही राखतो. हे ऐकवल्यावर आकार निघाला. जाताना आम्ही त्या बायांना विचारले, "यातले तुम्हाला काय मिळते?" त्या नुसत्या हसल्या.

याच मनमाडात फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आम्हाला ते दोन्ही एकाच बिलावर भेटले. बांधवांनो, बिल वाचा, जाब विचारा, १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. मान खाली घालून पैसे मोजू नका!