पंधरा कर्मादाने आणि बत्तीस कंठ

दीपावली आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ वहीपूजनाचा सण नाही. आपल्याकडील पंचांगानुसार आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि त्यानंतरच्या पहाटे गौतमस्वामींना केवलज्ञान प्राप्त झाले. चातुर्मास चालू असतो, स्थानकात उत्तराध्ययन सूत्राचे वाचन होते, कित्येक श्रावक-श्राविका तेला करतात. त्याच रात्री स्थानकाच्या भिंतीपलीकडे बारा-एक वाजेपर्यंत फटाके वाजत असतात, आणि ते वाजवणारे सगळेच परके नसतात. या विसंगतीवर पाटावरून आजवर पुष्कळ बोलले गेले. आमच्या गावच्या गायकवृंदाने यंदा भाऊबिजेला ती गाऊन दाखवली.

हा वृंद बत्तीस जणांचा आहे. त्यात किराणा, कापड, सराफी आणि भुसार आडतीच्या घरांतील मंडळी आहेत. निम्म्याहून अधिक स्त्रिया, शिवाय सुटीसाठी माहेरी आलेल्या चार लेकी. शिकवणारे गुरुजी निवृत्त संगीतशिक्षक आहेत, जन्माने जैन नाहीत. पण स्तवनांच्या चाली त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. पर्युषण संपल्यावर तालमी सुरू झाल्या. विषय ठरला षट्काय. पृथ्वी, अप्, तेज, वायू, वनस्पती आणि त्रस या सहा जीवनिकायांवर सहा गीते सदस्यांनीच रचली. पर्यावरण हा शब्द आपल्या भाषेत अलीकडे रुळला. माती, पाणी, अग्नी आणि वारा यांत जीव मानून त्यांना इजा होऊ नये यासाठी चालण्या-बोलण्याचे नियम घालणारी परंपरा मात्र आपल्या आगमांइतकीच जुनी आहे. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी हाच विचार आधुनिक परिभाषेत मांडलेले निसर्गविषयक जैन घोषणापत्र 23 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स फिलिप यांना सादर करण्यात आले होते. वृंदातील तरुणांना ही गोष्ट नवी होती.

कार्यक्रम ध्वनिक्षेपकाशिवाय करायचा, असा वृंदाचा आग्रह होता. आपल्या परंपरेतील अनेक साधू-साध्वी वीज ही तेजस्कायाची विराधना मानून ध्वनिक्षेपक वापरत नाहीत. मग तेजस्कायाचे गीत त्यावरून कसे म्हणायचे? म्हणून मंगल कार्यालयाचे उघडे चौक-अंगण निवडले आणि वेळ दुपारी चारची ठेवली, म्हणजे दिवे नकोत आणि चौविहार करणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घर गाठता येईल. पण ध्वनिक्षेपक काढून टाकला की गाण्याचे सारे गणित बदलते. बायकांचा गळा साधारण काळी चारमध्ये खुलतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. सर्वांना एका पट्टीत कोंबले, तर निम्मे किंचाळतात आणि उरलेले पुटपुटतात. ध्वनिक्षेपक ते झाकून नेतो, मोकळे अंगण नेत नाही. गुरुजींनी कडवी स्त्री-पुरुषांत वाटून दिली आणि ध्रुवपदे चार-पाच स्वरांच्या आतच बांधली, म्हणजे दोन्ही बाजूंना झेपतील. एक पेटी, एक तबला, दोन टाळ. मागच्या रांगेतील ज्येष्ठांनाही शब्द ऐकू गेले. पहिल्या दहा मिनिटांत श्रोत्यांची कुजबुज आपोआप थांबली, ती धाकामुळे नव्हे. बोलले तर ऐकू येणार नाही, हे ज्याचे त्याला कळले.

खरा प्रश्न कार्यक्रमाच्या उत्तरार्धाचा होता. सहा गीतांनंतर पंधरा कर्मादाने मराठीत म्हणायची, असे ठरले होते. श्रावकाच्या सातव्या व्रतात निषिद्ध म्हणून सांगितलेले हे पंधरा उद्योग. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, हस्तिदंताचा, लाखेचा आणि विषाचा व्यापार, वणवा लावणे, तळी-सरोवरे आटवणे, अशी ती यादी. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांसाठी केलेली ही पर्यावरणाची नियमावलीच म्हणावी लागेल. अडचण एवढीच की समोर बसणारे व्यापारीच होते. त्यांत एक घर तीन पिढ्या दिवाळीला फटाक्यांचे दुकान लावणारे, दोघांची कृषी सेवा केंद्रे, एकाची लाकडाची वखार. कार्यक्रमाच्या खर्चात यांतील दोघांचा वाटा होता.

आठ दिवस आधीच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी स्पष्टच विचारले, ‘‘सणासुदीला घरच्याच माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभे करता?’’ उत्तर दिले ते फटाकेवाल्या घरच्या सुनेने. ती वृंदात पहिल्या रांगेत गाते. ‘‘काकासा, पक्खीच्या प्रतिक्रमणात दर पंधरा दिवसांनी हे आपण म्हणतोच ना? तेव्हा कुणाला राग येत नाही, कारण ते अर्धमागधीत असते.’’ बैठकीत काही काळ कोणी बोलले नाही. वखारवाल्यांनी आपली वर्गणी ठेवली, पण आपण येणार नाही असे सांगितले, आणि ते आले नाहीत. तो त्यांचा अधिकार होता.

मला स्वतःला ही यादी संपत्तीच्या विरोधात आहे असे कधी वाटले नाही. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचा जो हिशेब आहे, तो वाचताना बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ताळेबंदच समोर असल्यासारखे वाटते. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसामानात. दहा दहा हजार गायींचे चार गोकुळ, पाचशे नांगर, एक हजार गाडे. भगवंतांनी त्याला भिकारी व्हायला सांगितले नाही. आहे तेवढ्यावर रेघ ओढ, असे सांगितले आणि कोणत्या दाराने पैसा आत येऊ नये, ते पंधरा कलमांत सांगितले. आमच्या बँकिंगमध्ये मालतारणावर कर्ज देताना स्टॉक स्टेटमेंट, मार्जिन, विमा एवढे तपासतात; मालाने पुढे कोणाचे काय केले, याचा रकाना त्यात नसतो. कर्मादाने म्हणजे तो रकाना.

विषवाणिज्याचे कडवे सुरू झाले तेव्हा अंगणात फारच शांतता होती. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, याचा उल्लेख रचनेत साध्या शब्दांत होता. कृषी सेवा केंद्रवाल्यांपैकी एकजण नंतर म्हणाले, की औषध विकताना तोंडाला बांधायचे फडके आणि हातमोजे पुड्याबरोबर द्यायला हवेत, हे त्यांना पटते; पण ते विकणे बंद केले तर शेतकरी शेजारच्या दुकानात जाईल, एवढाच फरक पडेल. यावर तिथल्या तिथे कोणाकडे उत्तर नव्हते, आणि उगीच ते कोणी दिलेही नाही.

सरोवरे आटवण्याच्या कडव्यानंतर एका मुलाने विचारले, की तळ्यातला गाळ काढणे ही पृथ्वीकायाची हिंसा नाही का? 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात यंत्रे लावून तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले, ते त्याच्या वाचनात आले होते. गुरुजींनी हा प्रश्न महासतीजींकडे सोपवला. प्रश्न चांगला आहे, आणि या मासिकातील अभ्यासकांनी तो हाती घ्यावा असे मला वाटते.

फटाक्यांच्या घरचे ज्येष्ठ मात्र आले होते. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर सूनबाई पाया पडल्या, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे डोक्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत. पाणी पिताना मला म्हणाले, की सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवल्यापासून मोठ्या आवाजाचा माल त्यांनी कमी केला आहे. पण तात्पुरता परवाना, मांडव, आगाऊ भरलेले पैसे आणि उरलेला माल यांचे ओझे दरवर्षी वाढते आहे. हे ते तक्रार म्हणून सांगत होते की कारण म्हणून, ते मला नीटसे कळले नाही. मग त्यांनी विचारले, त्याच जागेत त्याच पंधरा दिवसांत पणत्या, आकाशकंदील, रांगोळी आणि सुका मेवा ठेवला तर किती भांडवल अडकेल? आम्ही दोघे तिथेच पायरीवर बसलो आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. सुक्या मेव्यात नफ्याचे प्रमाण कमी, पण उरलेला माल परत घेणारा आडत्या मिळतो. पणत्यांत फूट-तूट धरावी लागते. हिशेब पुरा झाला नाही, सूर्यास्त जवळ आला होता. पत्रिका घडी करून त्यांनी खिशात ठेवली. पुढच्या रविवारी ते तीच पत्रिका घेऊन घरी आले. मागील तीन वर्षांच्या विक्रीचे आकडे या वेळी त्यांनी बरोबर आणले होते.