माळव्यातील शरदाचा एक दिवस

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली, की माळव्याच्या पठाराचे रूप पालटू लागते. ढग विरळ होतात, काळ्या जमिनीवरचा चिखल वाळून तिला बारीक भेगा पडू लागतात आणि सोयाबीनची हिरवी शेते पिवळसर दिसू लागतात. पंचांगात हा पितृपक्ष. नागर संस्कृतीत हे पंधरा दिवस श्राद्ध-तर्पणाचे, म्हणून मंगलकार्यास वर्ज्य. माळव्याच्या खेड्यांत मात्र याच दिवसांत कुमारिकांचा सर्वांत लाडका उत्सव रंगतो. त्याचे नाव संजा. इंदूर, देवास, उज्जैन, धार या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तो परका वाटत नाही. आमच्या हादग्या-भोंडल्याची ही सख्खी नव्हे, तरी मावसबहीण खास!

अशा दिवसाचा आरंभ पहाटे गोठ्यात होतो. मुली ताजे शेण गोळा करतात. मग कुंपणाकडेची, परसातली फुले खुडतात. तेरड्याला येथे गुलतेवडी म्हणतात. तिच्या गुलाबी पाकळ्यांना मोठा मान. घराच्या बाहेरच्या भिंतीचा एक चौकोन सारवून घ्यायचा, त्यावर शेणाच्या बारीक वळ्यांनी आकृती उभारायची आणि तिच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, अशी ही कला. तिला कुंचला लागत नाही, रंगाची पेटी लागत नाही. विकतचे काही असेलच, तर चमकीचा कागद.

आकृतींचा क्रम तिथीनुसार ठरलेला असतो. गावागणिक थोडाफार फरक पडतो एवढेच. पौर्णिमेला पाट, चतुर्थीला चौपट, पंचमीला पाच कुंवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी. रोज जुनी आकृती काढून नवी घडवायची. शेवटच्या दिवसांत ‘किलाकोट’ उभा राहतो. त्या कोटात चंद्र-सूर्य, पालखी, बैलगाडी, मोर, जाडी जसोदा आणि बारीक पेमा अशी सारी सृष्टी सामावते. लहान हातांना तिथीचे गणित, आकृतीची प्रमाणबद्धता आणि चार जणींनी मिळून काम करण्याची शिस्त येथे न शिकवता येते. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला हे किती साधते, हे आम्ही शिक्षकांनी स्वतःलाच विचारावे.

दुपारी गाव शेतावर असते. 1970 च्या दशकानंतर सोयाबीनने या पठारावर पाय पसरले आणि ज्वारी मागे हटली. कापणीच्या दिवसांत आमच्या वर्गांतील हजेरीही रोडावते. गावात उरलेल्या म्हाताऱ्या बायका सारवलेल्या ओट्यावर गेरू आणि खडूने मांडणे काढून हात चालते ठेवतात. कुंभाराच्या चाकावर दिवाळीच्या पणत्या उतरू लागतात.

दिवस कलला, की गल्लीगल्लीतून मुलींचे आवाज येऊ लागतात. संजेची आरती होते, गीते होतात आणि मग प्रसाद ओळखण्याचा खेळ. झाकलेल्या ताटात काय आहे, ते सख्यांनी ओळखायचे. आमच्या भगिनींना येथे खिरापतीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही! साम्य येथेच संपत नाही. विदर्भातील भुलाबाईही भाद्रपदी पौर्णिमेलाच बसते. हादगा सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे 27 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि संजेप्रमाणेच सोळा दिवस चालतो. गीतांचा विषयही सर्वत्र एकच, माहेर आणि सासर. संजेचे सासर अनेक गीतांत सांगानेरला असते. तिची गाडी, तिचा घागरा, तिची सासू यांची वर्णने मुली हसत हसत गातात.

या गीतांत सासुरवासच फार, मग आजच्या मुलींनी ती का गावीत, असे काही सुशिक्षित पालक आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु ही गीते ज्या काळी रचली गेली, त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी जात. त्यांना घरात तोंड उघडण्याची मुभा नव्हती. गाण्यात मात्र सासूची थट्टाही करता येई. ते बोलणे पुसून टाकल्याने पूर्वीचे दुःख नाहीसे होत नाही. त्याची साक्ष तेवढी नाहीशी होते.

रात्री गावात कबीराच्या भजनांची बैठक बसते. तंबोरा, ढोलक आणि मंजिरे एवढाच सरंजाम. या गायकीला देशभर नेणारे प्रह्लादसिंह टिपानिया हे पेशाने शाळामास्तर. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हा शिक्षकांना विशेष अभिमान. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या आजारामुळे देवासला आले. गाण्यास मनाई असलेल्या त्या वर्षांत त्यांच्या कानांवर पडत राहिल्या त्या याच मातीतल्या धुना. पुढे त्यांतून त्यांनी नवे राग घडविले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ ग्रंथ सिद्ध झाला. चार-पाच स्वरांच्या लोकधुनेत रागाचे बीज असते, हे त्यांनी गाऊन दाखविले.

हे बीज आज कोठे पेरायचे, हाच खरा प्रश्न आहे. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या. रंगविलेल्या भिंतीला शेण लावू देण्यास घरचे राजी नसतात. ट्रॅक्टर आल्यावर दारचे बैल गेले. बाजारात छापील संजेचा कागद मिळतो. तो भिंतीवर डकवला, की सोळा दिवसांचे काम एका क्षणात उरकते. कागदावर आकृती राहते, पण ती घडविणारे हात रिकामेच राहतात.

यावर उपाय अगदीच नाही असे नाही. एखादी जुनी फळी किंवा बांबूचा तट्ट्या मातीने लिंपून अंगणात उभा केला, तर भिंत न बिघडता संजा बसते. शाळेच्या आवारातही हे सहज करता येईल. ज्या घरांत आजी आहे, तेथे नातीने तिच्याकडून संजेची आणि हादग्याची गीते एका वहीत उतरून घ्यावीत. शब्दांबरोबर चालही ध्वनिमुद्रित करावी. आपल्या घरांत दोन्ही भाषांची गीते आहेत, ही दोन प्रांतांच्या मध्ये राहिल्याची मिळकत आहे. सर्वपित्री अमावास्येला मुली भिंतीवरची संजा उतरवून टोपलीत भरतात आणि नदीत वा तळ्यात सोडतात. ती दरवर्षी अशी जाते, ती पुढल्या भाद्रपदात पुन्हा घडवता येते म्हणून. ते घडवणे ज्यांना ठाऊक आहे, त्या आज्या अजून आपल्यात आहेत. तोवर वही उघडलेली बरी.