निर्मितीची विद्या आणि सत्तेची विद्या

अद्भुतकथेतील जादू म्हटली की एखादा मंत्र, एखादी कांडी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडणारा चमत्कार एवढेच चित्र सामान्य वाचकाच्या मनापुढे उभे राहते. परंतु ऑक्सफर्ड विद्यापीठात तीन तपांच्या आसपास अध्यापन केलेल्या जे. आर. आर. टॉल्किन या भाषापंडिताने १९३७ साली ‘द हॉबिट’मधून आणि पुढे १९५४-५५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधून ‘मिडल-अर्थ’ नावाचा जो विस्तीर्ण मुलूख वाचकांपुढे ठेवला, त्या मुलखात जादूची एकच एक पोथी नाही. तेथे प्रत्येक लोकसमूहाची विद्या त्याच्या स्वभावातून आणि पूर्वेतिहासातून उगवली आहे. आणि म्हणून कोणाची विद्या अधिक प्रबळ, यापेक्षा ती कशाच्या पायी खर्च झाली, हाच तेथील खरा प्रश्न आहे.

वार्धक्याने मरण न येणारे एल्फ लोक आपल्या विद्येला जादू म्हणतच नाहीत. हॉबिट या ठेंगण्या जमातीतला साधाभोळा सॅम एल्फांची जादू पाहण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा लोथलॉरिएन या एल्फांच्या वनाची स्वामिनी गॅलाड्रिएल त्याला सांगते की, शत्रूच्या, म्हणजे सर्वांना दास करू पाहणाऱ्या सॉरॉनच्या, कपटविद्येलाही तुम्ही लोक हाच शब्द लावता, त्यामुळे तुमचा आशय मला नीटसा उमगत नाही. त्याच वनात सॅम आणि त्याच्या सहप्रवाशांना जे करडे झगे मिळतात, तेही असेच. पाने, पाणी, दगड यांच्या छटा धारण करून ते पांघरणाऱ्याला शत्रूच्या दृष्टीआड करतात. पण ते मंतरलेले आहेत काय, असे विचारल्यावर एल्फ एवढेच सांगतात की, ज्या ज्या गोष्टींवर आमचे प्रेम आहे त्यांचे चिंतन आम्ही हातच्या प्रत्येक कामात उतरवतो. एल्फांच्या विद्येचे साध्य कला आहे, सत्ता नव्हे, असा खुलासा टॉल्किन यांनी मिल्टन वॉल्डमन या प्रकाशन-व्यवसायातील गृहस्थांना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात केला होता.

डोंगरांच्या पोटात राहणाऱ्या बुटक्या, दाढीधारी ड्वार्फ लोकांची विद्या दगडाची, धातूची आणि गुप्ततेची. त्यांची चंद्रलिपी ज्या तिथीला आणि ज्या ऋतूत लिहिली, त्याच तिथीचा आणि त्याच ऋतूतला चंद्र पाठीशी असल्याखेरीज वाचता येत नाही. एखाद्या खानदानी दस्तऐवजावर याहून कडेकोट मोहर ती कोणती असणार? मोरियाच्या पश्चिम दरवाजावरील रेषाही केवळ ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या प्रकाशात उजळतात. मात्र हा दरवाजा घडवला ड्वार्फ कारागीर नार्वी याने आणि त्यावरील चिन्हे रेखली एल्फ शिल्पी केलेब्रिंबॉर याने. पुढे एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या या दोन जमातींच्या जुन्या सख्याची साक्ष त्या एका दाराने जपून ठेवली आहे.

मनुष्यांपाशी ही शक्ती जन्मजात नसते, तरीही उत्तरेच्या जुन्या राज्यातील लोहारांनी आपल्या शत्रूच्या नाशासाठी अभिमंत्रित केलेली खड्गे शतकानुशतके थडग्यांत पडून राहिली आणि त्यांतले एक अखेर मेरी या हॉबिटाच्या हाती आले. त्याच्या एका घावाने नाझ्गूल या सॉरॉनच्या सेवकांच्या अधिपतीच्या देहाला बांधून ठेवणारा अभिचार तुटला, आणि ते पातेही धूर होऊन विरून गेले. खुद्द हॉबिटांची विद्या म्हणजे चाहूल न लागू देता दिसेनासे होण्याचे कसब. तेही मंत्राने नव्हे, तर मातीशी असलेल्या जवळिकीतून आलेले.

परंतु या सर्वांत मला अत्यंत हृदयस्पर्शी वाटते ती ड्रूएडाइन या उपेक्षित वनवासी लोकांची विद्या. ठेंगण्या बांध्याच्या आणि खोल डोळ्यांच्या या लोकांची एक कथा टॉल्किन यांच्या निधनानंतर, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये आहे. अघान नावाच्या ड्रूएडाइन वैद्याला आपला मित्र बराख याचे घर सोडून काही काळ दूर जावे लागले, तेव्हा त्याने स्वतःच्या आकृतीचा एक दगडी पहारेकरी दाराशी बसवला आणि आपल्या शक्तीचा काही अंश त्यात ठेवला. एके रात्री ऑर्क नावाच्या क्रूर लुटारूंनी त्या घराला आग लावली. तोच कोणी एक ड्रूएडाइन धावत आला आणि अनवाणी पायांनी ज्वाळा तुडवू लागला. सकाळी पाहतात तो दगडी मूर्तीचे पाय काळवंडून तडकलेले. आणि अघान परतला तेव्हा त्याचेही पाय भाजलेले! आपली शक्ती ज्या वस्तूत ओतावी, तिच्या दुखापतीचा वाटाही आपणच उचलावा लागतो, असे त्याचे म्हणणे.

अरण्यातल्या या वैद्याने सहज सांगितलेला नियम सॉरॉनच्या सबंध साम्राज्यालाही लागू पडतो. सॉरॉननेही आपल्या शक्तीचा फार मोठा अंश एका सुवर्णमुद्रिकेत ओतला. पण तो कोणाच्या दाराचा पहारा करण्यासाठी नव्हे, तर इतर मुद्रिका धारण करणाऱ्यांची मने आपल्या हुकमतीखाली आणण्यासाठी. ती मुद्रिका अग्नीत पडताच त्याचे गढ, त्याचे सैन्य, त्याचा अंमल सारेच एका क्षणात कोसळले. एवढेच नव्हे, तर काळाच्या झिजेपासून आपले प्रिय ते राखू पाहणाऱ्या एल्फांच्या तीन मुद्रिकाही निस्तेज झाल्या. कारण सॉरॉनचा हात त्यांना लागला नसला, तरी त्याने शिकवलेल्या विद्येने घडल्यामुळे त्यांचे भवितव्य त्याच्या मुद्रिकेशी जखडले गेले होते.

अघान आणि सॉरॉन यांच्या विद्येची रीत अशी एकच आहे. भेद आहे तो हेतूचा, आणि तोच भेद निर्णायक ठरतो. एकाने स्वतःतला अंश मित्रासाठी वेचला, त्याचे मोल भाजलेल्या पायांनी चुकते केले, आणि तरीही तो अधिक समृद्ध झाला. दुसऱ्याने तोच अंश इतरांना दास करण्यासाठी गुंतवला आणि सर्वस्वाला मुकला. निर्माण करणारा प्रत्येक जण आपल्या कृतीत स्वतःला थोडाबहुत गहाण टाकतच असतो. तो गहाणखताचा व्यवहार प्रेमापोटी केला की सत्तेच्या हव्यासापोटी, यावरच त्याच्या विद्येचे आणि त्याचेही भवितव्य ठरते.