डीजे सुरू झाला की मूल कान दाबून ओरडतं, तो हट्ट असतो का?

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात. हॉर्न, मसाल्याचा ठसका, दुकानांचे दिवे, माणसांचे धक्के. अशा गर्दीत एखादं मूल कान दाबून खाली बसलं की बघणारे लगेच म्हणतात, 'फार लाडावलंय.' मूल स्वमग्न असेल, तर कारण बहुतेकदा वेगळं असतं.

पंख्याची घरघर किंवा शर्टाचा टॅग आपला मेंदू आपोआप मागे टाकतो. अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूला हे जमत नाही, सगळं एकदम आत येतं. हाच सेन्सरी ओव्हरलोड. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये संवेदनांना मिळणारा असा कमी-जास्त प्रतिसाद ऑटिझमच्या निकषांत घेतला गेला. कमीसुद्धा, हे लक्षात घ्या. काही मुलांना लागलेलं, खरचटलेलंही कळत नाही.

मग हट्ट कसा ओळखायचा? हवी ती वस्तू मिळाली की हट्ट बहुतेकदा थांबतो. ओव्हरलोडमध्ये चॉकलेट हातात दिलं तरी रडणं थांबत नाही. तेव्हा दटावणं म्हणजे आणखी एका आवाजाची भर.

आधी मुलाला तिथून बाजूला न्या. कमी बोला. जवळ घेण्याआधी अंदाज घ्या, कारण काही मुलांना घट्ट मिठीने बरं वाटतं, तर काहींना स्पर्शच नको असतो. शांत झाल्यावरही लगेच प्रश्न विचारू नका.

खरं काम आधीच करायचं असतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, लुकलुकणारी ट्यूबलाइट, नेमकं काय खुपतं ते वहीत लिहून ठेवा. मिक्सर लावण्याआधी मुलाला सांगा. माळेगावची यात्रा किंवा नांदेडचा होला मोहल्ला दाखवायचा असेल, तर गर्दी वाढण्याआधी जा आणि बाहेर पडायची वाट ठरवून ठेवा. कान झाकणारे इअरमफ सोबत असू द्या, पण दिवसभर घालू नका. शांततेची सवय झाली की साधे आवाजही जास्त टोचू शकतात.

आणि डीजेचं काय? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. लग्नसराईत ती कोण पाळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर सुरू असेल तर 112 वर तक्रार करता येते.

तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जाताना ती वही सोबत न्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टला तिचा मोठा उपयोग होतो.