भिंती मालकाच्या, भांडी भाडेकरूची

लासलगावचे नाव काढले की कांद्याच्या गोण्या आणि लिलावाचा गलबला डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या घरी मात्र आत्याबाई आठवतात. त्या लासलगावी राहतात. त्यांचे दुसरे घर याच निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या सायखेड्यास आहे. ते त्यांनी एका शिक्षकांना भाड्याने दिले आहे. यजमानांच्या पश्चात आत्याबाईंची चूल बव्हंशी त्या भाड्यावरच पेटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला आणि चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरले. मास्तर बायकामुलांना घेऊन वेळीच बाहेर पडले, हे दैव. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतात तो घरभर गाळ, गाद्या फुगलेल्या, फ्रिज आडवा पडलेला आणि मुलांच्या प्रमाणपत्रांचा लगदा!

खरी पंचाईत पुढेच झाली. मास्तर म्हणाले, “काकू, घराचा विमा आहे ना? मग आमच्या सामानाचंही त्यातच बघा.” आत्याबाई म्हणाल्या, “बघते हो. पण भाडं तेवढं थांबवू नका.” दोघेही सज्जन, आणि विम्याबाबत दोघेही अजाण.

विम्याचा पहिला धडा असा, की ज्याची वस्तू त्याचा विमा. मालकाच्या पॉलिसीत भिंती, छप्पर, दारे येतात. भाडेकरूची भांडीकुंडी येत नाहीत. मास्तरांनी सामानाचा विमा कधी उतरवलाच नव्हता. त्यांना एक पैही मिळाली नाही.

आत्याबाईंचे तरी काय झाले? घराच्या कर्जासोबत बँकेने विमा उतरवला होता, परंतु तो उरलेल्या कर्जाएवढाच. घर बांधायला दहा लाख लागत असतील आणि विमा पाच लाखांचा असेल, तर लाखाच्या नुकसानीला हाती पडतात पन्नास हजार. त्यातूनही ठरावीक वजावट. याला ‘सरासरीचे कलम’ म्हणतात. त्यात भर म्हणून आत्याबाईंनी विमा कंपनीला कळवण्याआधीच भिंती धुऊन चुना मारून घेतला! पाणी कुठवर चढले होते, हे सर्वेक्षकाला दाखवायला खूणच उरली नाही. “तलाठी पंचनामा करून गेले की,” असे त्या म्हणत राहिल्या. पण तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याच्या दाव्यास तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. कंपनीला कळवणे मात्र आपले आपणच करावे लागते.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात पूर येतो आणि सरासरीचे कलम नाही. घर राहण्याजोगे उरले नाही, तर बुडालेल्या भाड्याचीही त्यात तरतूद आहे. भाडेकरूला नुसत्या घरसामानाचा विमा घेता येतो. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नसते. घर पुन्हा बांधण्याचा खर्च धरायचा असतो.

आणि भाडेपट्ट्याचे काय? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातले नदीकाठचे वाडे कोसळले आणि त्यांतली भाडेकरू बिऱ्हाडे उघड्यावर आली. अशा प्रसंगासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमात सोय आहे. करारात वेगळे लिहिलेले नसेल आणि पुराने जागेचा मोठा भाग नष्ट किंवा कायमचा निरुपयोगी झाला असेल, तर भाडेपट्टा संपवण्याचा अधिकार भाडेकरूला मिळतो. नुसता गाळ साचला म्हणून भाडेपट्टा संपत नाही. मालकाने कराराने दुरुस्ती पत्करली असेल आणि सूचना देऊनही तो ती वाजवी मुदतीत करीत नसेल, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा.

तेव्हा वाचकहो, करार लेखी करा आणि दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात स्पष्ट लिहा. पाणी ओसरले की झाडू हाती घेण्यापूर्वी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत शक्यतो काही फेकू नका.

आत्याबाईंनी त्या वर्षी दोन महिन्यांचे भाडे सोडले. मास्तरांनी घरातला गाळ स्वतः उपसला. कायद्याने दोघांनाही तसे करावे लागले नसते. आता दोघांच्या दोन वेगळ्या पॉलिसी आहेत, आणि दोन्ही कागद लासलगावी आत्याबाईंच्या माडीवर एकाच ट्रंकेत ठेवलेले आहेत. मास्तरांनीच ते तिथे आणून दिले. म्हणाले, “काकू, तुमच्या माडीवर काही गोदामाई चढायची नाही.”