गाडी गॅरेजमध्ये, तरी रंगावर ओरखडे? इथेच आहे तुमचं काम!

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, कुठेही बघा. लोक हौसेने गाडी घेतात, लग्नकार्याला किंवा नागपूरला जायचं असेल तेव्हा बाहेर काढतात. बाकी दिवस गाडी शटरच्या आत. तरीही वर्ष-दोन वर्षांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. मालक विचारतो, "गाडी तर घरीच असते, मग हे ओरखडे आले कुठून?" याचं नीट उत्तर ज्याला देता येतं, त्याला काम मिळतं.

आधी कारण समजून घ्या

धूळ नुसती बसली म्हणून रंगावर रेघा पडत नाहीत, ती घासली की पडतात. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढी! त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कडकपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर, तर काच साधारण साडेपाचवर. जे काचेला ओरखडा पाडतं, त्याच्यापुढे क्लिअर कोट काय टिकणार? त्यात वणीकडे कोळशाच्या खाणी आणि ट्रकची वर्दळ, म्हणजे धुळीला तोटा नाही. रोज सकाळी कोरडं फडकं मारणं म्हणजे हळूहळू पॉलिश पेपर मारणंच.

दुसरी चूक कव्हरची. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं, की कव्हरच फडक्याचं काम करतं.

मग करायचं काय?

१. आधी पाण्याने धूळ सैल करून वाहू द्या, मग हात लावा.

२. दोन बादल्या ठेवा. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड दरवेळी साध्या पाण्यात पिळूनच पुन्हा शाम्पूत बुडवा. भांड्यांचा साबण नको, त्याने वॅक्स निघून जातं.

३. टपापासून खाली या. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. कापड जमिनीवर पडलं तर त्या दिवशी ते बाद.

४. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. गाडी आपोआप वाळू दिली तर पांढरे डाग राहतात. म्हणून मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या.

५. पूर्ण वाळल्यावरच कव्हर घाला. गॅरेजसाठी आतून मऊ, हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. प्लास्टिकची ताडपत्री नको, पावसाळ्यात आत ओल कोंडते. काढताना कव्हर बाजूंनी मधे दुमडा, म्हणजे आतली बाजू जमिनीला लागत नाही.

६. गॅरेजमध्ये कोरडा झाडू नको, ओलं पोछा मारा. दार भिंतीला लागतं तिथे जुन्या ट्यूबची पट्टी ठोका.

आता तुम्ही म्हणाल, "सर, एवढं पाणी आणायचं कुठून?" प्रश्न बरोबर आहे. २०१८ च्या उन्हाळ्यातली यवतमाळ शहराची पाणीटंचाई कोण विसरेल? म्हणून पाइप सोडून बसू नका. बादलीभर पाण्यात भागणारे रिन्सलेस शाम्पू मिळतात, ते वापरून बघा. पण गाडी चिखलाने माखलेली असेल तर आधी पाणी मारावंच लागतं.

धंदा कुठे आहे?

घरपोच सेवा द्या. महिन्यातून दोनदा धुणं, तीन महिन्यांतून एकदा वॅक्स, वर मापाचं कव्हर शिवून देणं. आपल्याकडे शिलाईकाम करणाऱ्या ताई गावोगावी आहेत, त्यांनाही काम मिळेल. दर ठरवताना शाम्पू, कापडं, पेट्रोल आणि तुमचा वेळ, सगळं वहीत मांडा. शेजाऱ्याने दर कमी ठेवला म्हणून आपणही कमी करायचा नाही.

आणि एक गोष्ट पाळाच. काम सुरू करण्याआधी मालकासमोर गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि जुने ओरखडे दाखवा. ओरखड्यावर नख अडकत असेल तर तो खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगा. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा, पट्ट्याचं बक्कल झाका. छोट्या गावात एका गाडीवर तुमच्या हातून रेघ पडली, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत चौकात पोचते. चांगलं कामही पोचतं, पण हळू.

सुरुवात मोठ्या मशीनने करू नका. दोन बादल्या, शाम्पू, सहा चांगली कापडं घ्या आणि या रविवारी ओळखीतल्या एखाद्या गाडीवर हात बसवा. पहिलं गिऱ्हाईक तिथूनच मिळेल!