जोडीदाराच्या बदलीचं शहर

बदलीसाठी पसंतीची शहरं लिहून द्या म्हटलं की घरात आधी घरभाड्याचा हिशेब सुरू होतो. माझ्या मते तो नंतरचा. आधी पाहावं, दुसऱ्याच्या नोकरीचं काय? दोघंही केंद्र सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, असं 30 सप्टेंबर 2009 चं परिपत्रक सांगतं. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. खासगी नोकरीवाल्यांना असा आधार नाही. त्यांनी शहरातल्या नोकऱ्याच चाचपाव्यात.

मुलं आठवी-नववीत असतील तर जास्त जपा. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावीही सर्वसाधारणपणे राज्यातूनच लागते. मूल हैदराबादला दहावी झालं, तर पुढे नागपूरची सरकारी जागा हातची जाऊ शकते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा.

गाडीचं तुलनेनं सोपं. परराज्यात 12 महिन्यांहून जास्त राहायचं तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. 2021 पासून मिळणाऱ्या ‘बीएच’ क्रमांकाला मात्र ही कटकट नाही.